चित्रामागची चिठ्ठी

कुणाच्याही घरी गेल्या की यमुताई सोमण आधी भिंतीवरचं चित्र काढून उलटं करून पाहत. अगदी "बसा" म्हणायच्या आत. यजमानीण पाण्याचा पेला घेऊन बाहेर यायची, तोवर तिच्या सासऱ्यांनी कधीकाळी आणलेली तसबीर यमुताईंच्या हातात असायची. तोंड साडीकडे आणि पाठ उजेडाकडे. "काही नाही हो, तुमचं चालू द्या," असं म्हणत त्या मागचे खिळे, सुतळी, कागद, पालीची अंडीसुद्धा नीट निरखायच्या. मग तसबीर जागेवर लावून बोटानं तिचा वाकडेपणा काढायच्या. समोरची बाजू त्यानंतर, आणि तीही ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं इतपतच.

मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा सुरतेच्या आमच्या विमा कचेरीतले बरेच मराठी लोक बदली मागून तिकडे गेले. मागे राहिलो ते माझ्यासारखे, ज्यांचे वडीलच इथे येऊन रुजले होते, आणि यमुताई, ज्यांना कुठेच जायचं नव्हतं. त्या दाव्यांच्या टेबलावर होत्या. माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नव्हतं, आणि का ते विचारायची कुणाची छाती नव्हती. बारीक काठाची पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला, आणि सायकल. साडीतली बाई सायकलवर दिसली की तेव्हा गल्लीतली पोरं मागे धावत. यमुताई सायकल थांबवून, मागे बसायचंय का म्हणून त्यांना विचारायच्या, "बेसवुं छे?" पोरं लाजून पळून जात.

त्यांना चित्रं जमवायचा नाद होता. नाद म्हटलेलं त्यांना आवडत नसे. "नाद पत्त्यांचा असतो, पाटणकर. मी फक्त विचारपूस करते," म्हणायच्या. पगार आमच्याइतकाच, त्यामुळे दोन-तीन वर्षांतून एक चित्र घरी यायचं. शनिवारच्या जुन्या बाजारातून, नाहीतर रुस्तमपुरा-शाहपोरमधल्या पारशांच्या घरांतून. ती घरं तेव्हा एकेक करून रिकामी होत होती, मुलं मुंबईला नाहीतर विलायतेला. मी ओळखत होतो त्या काळात त्यांच्याकडे एकूण अकरा चित्रं झाली. भिंतीवर एका वेळी दोनच लावत, तीही कमरेच्या उंचीवर, कारण त्या बसायच्या जमिनीवर. बाकीची जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत.

घेण्याची रीतही त्यांची त्यांचीच. चित्र आवडलं तर त्या कधीच लगेच घेत नसत. "आधी घरी जाऊन जेवावं," म्हणत. "जेवणानंतरही आठवलं, तर परत यावं. घाई असेल त्यानं फळं घ्यावीत." बाजारातला भंगारवाला करसनभाई वैतागायचा, तुम्ही जेवून येईपर्यंत विकलं जाईल म्हणून. "यमुबेन, तमे जमीने आवशो त्यां सुधीमां वेचाई जशे." त्यावर त्या, "मग ते ज्याचं होतं त्याला मिळालं, करसनभाई."

आणि प्रश्न तीन. कुठलाही विकणारा, कितीही मोठ्या चित्रकाराचं नाव घेवो, यमुताई शांतपणे विचारत, "हातचं, घरचं, की धाटणीचं?"

हातचं म्हणजे त्यानंच काढलेलं. घरचं म्हणजे त्याच्या देखरेखीखाली, त्याच्या शिष्यांनी, त्याच्या कारखान्यात काढलेलं. धाटणीचं म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, त्याच्यासारखं काढलेलं. तिन्हींची किंमत वेगळी, पण त्यांच्या लेखी लाज एकाचीही नव्हती. लाज एकाला दुसऱ्याचं नाव देण्याची. सुरतेत ही गोष्ट समजावणं त्यांना सोपं जाई, कारण इथे जरीचा धंदा. "साची जर आहे, अर्धी आहे, खोटी आहे. खोटी जर विकणारा लबाड असतो का? पाटीच लावून बसलाय, खोटी म्हणून. साची म्हणून विकली की लबाड."

कचेरीत हे तीन शब्द फार चालले. मधल्या सुटीत आमचा रेकॉर्डकीपर भगवान पाटील, मूळचा धुळ्याकडचा, राहायचा गोडादऱ्याला, डबा उघडायचा आणि कुणीतरी विचारायचंच, "पाटील, भरीत हातचं का घरचं?" एकदा त्याची बायको माहेरी होती आणि डब्यात खानावळीचं काहीतरी वांग्यासारखं होतं. पाटलानं झाकण लावलं आणि गंभीरपणे सांगितलं, "धाटणीचं शे, भाऊ. तोंडले लावू नका."

एकदा आमचे मॅनेजर देसाईसाहेब यांनी नवं घर बांधलं. वास्तूला सगळी कचेरी गेली. दिवाणखान्यात मोठ्या सोनेरी चौकटीत एक चित्र होतं, तळ्याकाठी उभी असलेली स्त्री. साहेबांनी ते मुंबईहून आणलं होतं. "ओरिजिनल छे," असं ते प्रत्येकाला सांगत होते, "नीचे सही पण छे." मी यमुताईंकडे पाहिलं. त्यांनी हात मागे बांधले होते, म्हणजे त्या स्वतःला आवरत होत्या. पण साहेबच म्हणाले, "यमुबेन, तुम्हाला कळतं ना यातलं? बघा की."

पिशवीतून त्यांनी भिंग काढलं. हे भिंग साधं नव्हतं. कतारगामच्या एका हिरे घासणाऱ्या कारागिराच्या विधवेचा दावा त्यांनी चार महिने खेटे घालून मंजूर करून घेतला होता. त्या बाईनं नवऱ्याचं हिरा पाहायचं भिंग आणून टेबलावर ठेवलं होतं, आणि यमुताईंनी आयुष्यात घेतलेली ती एकच भेट. ते डोळ्याला लावून त्यांनी सहीवर नजर टेकवली. मग त्या तळ्याकाठच्या स्त्रीच्या गालावर आल्या.

"छाप आहे, साहेब. शिळाछाप. दगडावरून काढतात. सहीसुद्धा दगडावरच होती, ती चित्राबरोबर छापली गेली. वरून पेन्सिलीनं केली असती तर गोष्ट वेगळी."

खोलीत सगळे जेवणाच्या पानांकडे बघू लागले.

"पण छाप फार सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "दगड ताजा असतानाचा. छाप म्हणून लावा, जास्त शोभेल."

साहेब वर्षभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पुढे मात्र त्यांच्याच घरी मी ऐकलं, ते एका पाहुण्याला सांगत होते, "शिळाछाप छे. ताजा पथ्थरनी." आवाजात तोच अभिमान होता.

मला हे सगळं त्यांनीच शिकवलं. पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा एका चित्राखाली पेन्सिलीनं ७/५० लिहिलेलं दिसलं. मी विचारलं, "साडेसात रुपयांना मिळालं?" यमुताई इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी सांगितलं की हे पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, त्या पत्र्यावरून पन्नासच छाप काढले, हा त्यातला सातवा. पन्नास झाले की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतात, म्हणजे एकावन्नावा कुणी काढू नये. "चित्रकारानं स्वतःलाच घातलेली अट आहे ती," त्या म्हणाल्या. कुणी बघत नसतानाही पाळलेली अट, याचं त्यांना फार कौतुक होतं.

आणि त्यांची वही. प्रत्येक चित्राला दोन पानं, डाव्या पानावर मथळा 'पाहिलं', उजव्यावर 'ऐकलं'. चित्राच्या पाठीवर जे लिहिलेलं असेल ते डावीकडे. विकणारा जे सांगेल ते उजवीकडे. उजवीकडचं काही डावीकडे न्यायची त्यांची तयारी नसे, मग सांगणारा कितीही मोठा असो. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, मध्ये कुणाच्या भिंतीवर होतं, ते सगळं त्या लिहून ठेवत. "चित्राची वंशावळ असते, पाटणकर. ती पाठीवर असते. म्हणून आधी पाठ."

हे सगळं मी इतकं सविस्तर लिहितो आहे याचं कारण पुढे येणार आहे. इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल लोकांना या गमतीच तेवढ्या सांगत आलो. पुढचं माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

यमुताई नानपुऱ्यात दिनबाई नावाच्या पारशी बाईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत. दिनबाई एकट्या, सत्तरीच्या पुढच्या, पाय सुजलेले. त्या खाली ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत. मला "पेलो सुकलकडी", म्हणजे तो काडीपैलवान, म्हणत. त्यांच्या मागच्या खोलीत एक लहानसं जलरंगातलं चित्र होतं. त्याच घराचा उंबरा. पारशी बाया सकाळी उंबऱ्यावर पत्र्याच्या ठशांनी चुन्याचे मासे काढतात, तसे तीन मासे, चौथा अर्धाच. शेजारी चुन्याची डबी आणि काढून ठेवलेल्या सपाता. माणूस कुठेच नाही. नुकतं कुणीतरी आतून हाक मारली आणि काढणारी उठून गेली, असं वाटायचं.

ते काढलं होतं दिनबाईंच्या मावशीनं. मेहेरबाई त्यांचं नाव. कुणा मडमेकडे थोडं शिकल्या होत्या. पुष्कळ चित्रं काढली म्हणे, पण त्या गेल्यावर घरच्यांनी कागद आहेत म्हणून वाटून-वापरून टाकली. राहिलं ते हे एक. आणि त्याच्या मागच्या फळीवर त्यांच्या भावानं गुजरातीत लिहून डकवलेली चिठ्ठी. यमुताईंनी ती वहीत डाव्या पानावर उतरवून घेतली होती: हे चित्र माझी बहीण मेहेरबाई हिने स्वतःच्या हाताने, याच घराच्या ओट्यावर बसून काढले. पुढे साल होतं, पण उजवी कड उंदरानं खाल्ली होती, तिथे यमुताईंनी लिहिलं होतं, 'पुढे उंदीर'.

शेवटच्या आजारात दिनबाईंनी ते चित्र यमुताईंना दिलं. मी तिथे होतो. "यमु," त्या म्हणाल्या, "मारे पैसा नथी जोईता. मेहेरमासीनुं नाम कोई दिवाल पर लागवुं जोईए. बस, एटलुं." यमुताईंनी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. त्यांचं होय म्हणणं असंच असे.

दिनबाई गेल्यावर यमुताईंनी बाहेरगावच्या एका संग्रहालयाला पत्र लिहिलं. जुन्या घरांतल्या स्त्रियांनी काढलेली चित्रं ते जमवत होते. उत्तर आलं, आमचे गृहस्थ येऊन पाहतील. नेमकी तेव्हाच चित्राची काच तडकली, आणि नेमकं तेव्हाच नाशिकला यमुताईंच्या भावाचं ऑपरेशन निघालं. त्यांनी मला खोलीची किल्ली दिली आणि चित्र माझ्या हवाली केलं.

"भागळला इस्माईलभाईंकडे न्या. काच पुढून बदलायची. मागची फळी काढायची नाही. आणि पाटणकर, उभं राहून करून घ्या. चहालाही जाऊ नका."

मी हो म्हटलं.

थंडीचे दिवस होते. इस्माईलभाई फ्रेमवाल्याला चित्र दिलं, बाकावर बसलो. समोरून कचेरीतली आमची टोळी चालली होती, तापीकाठी पोंक खायला. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हिरवा हुरडा, सुरतेत त्याच्यासाठी माणूस थंडीची वाट पाहतो. लिंबू-मिऱ्याची शेव, वडे, गरम पोंक. "चालो पाटणकर, अर्धो कलाक!" अर्ध्या तासाचा तर प्रश्न. मी इस्माईलभाईला म्हटलं, पुढूनच बदला हं. त्यानं तोंडात खिळे धरलेले होते, मान हलवली. मी गेलो.

परत आलो तेव्हा चित्र तयार होतं. स्वच्छ काच, मागे नवी प्लाय, तिच्यावर ताणून बसवलेला खाकी कागद. इस्माईलभाई कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघत होता. "पाटियुं सडी गयेलुं हतुं, साहेब. उधई लागेली. काढी नाख्युं. प्लायना पैसा नथी लेतो, यमुबेननुं काम छे."

जुनी फळी कुठे आहे, मी विचारलं.

त्यानं कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे सरस वितळवायची शेगडी होती.

त्याची काहीच चूक नव्हती. त्यानं वाळवीपासून चित्र वाचवलं होतं. चिठ्ठीबद्दल त्याला सांगायला मी तिथे असायला हवा होतो.

मी एवढंच करायचं होतं. नाशिकला दोन ओळींचं कार्ड टाकायचं, किंवा त्या आल्या की तोंडानं सांगायचं. यमुताई रागावत नसत. रागावल्या असत्या तर कदाचित मी सांगितलंही असतं. त्या वहीत लिहीत. डाव्या पानावर, 'पाहिलं' खाली, त्यांच्या त्या सरळ अक्षरात एक ओळ आली असती: पाटणकर उभे राहिले नाहीत. ती ओळ मला सहन होईना. त्यांच्या वहीत माझं नाव तोवर कुठेच नव्हतं.

माझं अक्षर चांगलं आहे. शाळा गुजराती, कचेरीतल्या पाट्या मीच लिहीत असे. रेकॉर्डरूममधून एका जुन्या, पिवळ्या पडलेल्या अर्जाचं कोरं मागचं पान घेतलं. शाईत चहा घातला. त्यांच्याच किल्लीनं त्यांची खोली उघडून, त्यांच्याच वहीतून मजकूर एका चिटोऱ्यावर उतरवून घेतला. उजवी कड उंदरानं खाल्ल्यासारखी दातांनी कुरतडली. होय, स्वतःच्या दातांनी. मग त्या कागदावर जुन्या वळणाचं अक्षर काढून चिठ्ठी खळीनं खाकी कागदावर डकवली. मजकुरातला शब्दन् शब्द खरा होता. मी स्वतःला तेच सांगत होतो.

त्या परत आल्या. चित्र हातात दिलं. अर्थातच आधी पाठ. भिंग काढलं, लावलं, परत पिशवीत ठेवलं.

"नवी पाठ घातली इस्माईलभाईंनी."

"हो. फळीला वाळवी होती. चिठ्ठी तेवढी सोडवून घेतली मी."

"तुम्ही उभे होतात ना?"

"होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, संशयही नव्हता. जेवून परत येईपर्यंत विकणाऱ्याला द्यायच्या तसा त्या मला वेळ देत होत्या, हे आज कळतं. मग म्हणाल्या, "चहा टाकते. नाशिकचा चिवडा आणलाय."

त्यांनी मला तीन महिने दिले. रोज शेजारच्या टेबलावर. मी वेळ घेतला नाही.

संग्रहालयाचे गृहस्थ एका रविवारी सकाळी आले. मृदू बोलणारे, काडीसारखे, चष्म्याला दोरी. यमुताईंनी मलाही बोलावलं होतं. गृहस्थांनी चित्र बराच वेळ पाहिलं. अर्ध्या माशापाशी आले आणि हसले. मग उलटं केलं, चिठ्ठी वाचली, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"नाव आहे! यमुताई, नाव फार क्वचित मिळतं हो. शंभर चित्रांत एखाद्याला. पाटीवर सरळ लिहिता येईल, मेहेरबाई, सुरत."

माझ्या हातात त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा पेला होता. सुटलो, असं वाटलं. दिनबाईंची इच्छा पुरी होत होती, मेहेरबाईंचं नाव भिंतीवर लागत होतं, माझ्या अक्षरामुळे लागत होतं. फक्त यमुताईंनी गप्प बसायचं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ती चिठ्ठी मूळची नाही."

"म्हणजे?"

त्यांनी भिंग त्यांच्या हातात दिलं. "कड बघा. उंदरानं खाल्ली आहे, पण एकही अक्षर तुटलेलं नाही. ओळ जिथे संपते त्याच्या बरोबर पुढून खाल्लंय. इतका वाचता येणारा उंदीर सुरतेत नाही."

कागद आधी फाडला आणि नंतर लिहिलं, तर अक्षरं कडेच्या आतच राहणार. मूळ चिठ्ठीत शेवटची अक्षरं अर्धी होती. वहीत ती पुरी उतरवलेली होती, आणि मी वहीवरून उतरवलं होतं.

"कुणी लिहिली ही?" गृहस्थांनी विचारलं.

यमुताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्या थांबल्या होत्या. खाली रस्त्यावर कल्हईवाल्याची हाक गेली, लांब जाऊन विरली.

हातातला पेला मी गृहस्थांपुढे ठेवला.

"माझ्या घरात झालं," त्या म्हणाल्या. "जबाबदारी माझी."

त्यांनी वही दाखवली. गृहस्थांनी ती पानं नीट वाचली आणि हळूच मिटली. "नुसती चिठ्ठी हरवली असती ना, तर या वहीवर काम झालं असतं. 'घरच्या नोंदीवरून मेहेरबाईंचं' असं लिहितो आम्ही. पण आता पाठीवर एक बनावट कागद आहे म्हटल्यावर वहीलाही कोण विचारणार? कागद नाही हे चाललं असतं. आहे, हीच पंचाईत." मग ते ओशाळल्यासारखे म्हणाले, "चित्र सुंदर आहे. 'चित्रकार अज्ञात' म्हणून आनंदानं घेऊ."

"अज्ञात नाही ती," यमुताई म्हणाल्या. "मी तिच्या घरात राहते."

त्यांनी चित्र परत घेतलं आणि त्या गृहस्थांना आग्रहानं जेवायला बसवलं. मीही जेवलो. श्रीखंड होतं.

पुढे पाच-सहा वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर काम केलं. त्या विषयाचा एक शब्द नाही. डब्यावरून तेच विनोद चालले. फक्त नवीन चित्र घेतलं की मला बोलवायचं त्यांनी थांबवलं, आणि मीही का म्हणून विचारलं नाही. एकदाच, पाटील ऐकत नाही असं पाहून, मी एवढं म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असतात तर नाव लागलं असतं." हातातला कागद न सोडता त्या म्हणाल्या, "मेहेरबाईंना खोट्या कागदावर टांगू? त्यापेक्षा ट्रंकेत बऱ्या."

गेल्या महिन्यात नाशिकहून त्यांच्या भाच्याचं पत्र आलं. आत्या जाऊन वर्ष झालं. चित्रं त्याच्याकडे आहेत. त्यातल्या एका लहान जलरंगाच्या मागे कोरा कागद डकवलेला आहे. आत्या म्हणायची, सुरतेचं कुणीतरी येऊन त्यावर लिहील, अक्षर चांगलं आहे त्यांचं. ते आपणच का?

पुढच्या आठवड्यात मी नाशिकला जाणार आहे. काय लिहायचं ते ठरलं आहे. मराठीत, माझ्या रोजच्या अक्षरात, त्या दिवसाची तारीख घालून: हे चित्र मेहेरबाई यांनी नानपुरा, सुरत येथील आपल्या घराच्या ओट्यावर बसून काढले. तसे सांगणारी त्यांच्या भावाची चिठ्ठी याच्या मागे होती, ती मी डोळ्यांनी वाचली आहे. ती माझ्या हलगर्जीपणाने जळली. नंतरची बनावट चिठ्ठी मी लिहिली होती. यमुना सोमण यांचा त्यात काही दोष नाही. खाली पूर्ण नाव आणि सही. यमुताईंच्या वहीत हे डाव्या पानावर जाईल की नाही, मला माहीत नाही. एवढ्या वर्षांनी सांगणाऱ्याचं कदाचित उजवीकडेच जाईल.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी त्यांना सुरत स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. देसाईसाहेबांनी हार आणला होता, पाटलानं शिदोरी. ट्रंक बाकाखाली गेली. मेहेरबाईंचं चित्र तेवढं त्यांनी ट्रंकेत ठेवलं नव्हतं. खिडकीशी बसून त्यांनी ते मांडीवर उभं धरलं होतं, तोंड स्वतःकडे करून. गाडी हलायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पाटणकर, अक्षर अजून चांगलं आहे ना तुमचं?"

"आहे की."

"मग झालं," त्या म्हणाल्या.

गाडी सुटली. खिडकीच्या गजांमागे चित्राची पाठ माझ्याकडे होती. खाकी कागद, नवी सुतळी, आणि मधोमध, मी डकवलेली चिठ्ठी होती त्या जागी, चार कोपरे नीट चिकटवलेला एक पांढरा, कोरा कागद. त्यांचा चेहरा चित्राच्या वर अर्धाच दिसत होता. त्या खाली, चित्राकडे बघत होत्या. हात हलवायचं मला सुचलं नाही. फलाट संपेपर्यंत तो कागद मला दिसत राहिला.